फ्रोजन शोल्डर: कोणती फिजिओथेरपी, आणि कधी?

“मॅडम, लेझर चांगलं की अल्ट्रासाउंड?” “आमच्या जाऊबाईचा हात तर मालिशनंच सुटला, मलेच काहून एवढे दिवस लागून राहिले?” नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या गल्ल्यांमध्ये फिजिओथेरपी करणाऱ्या कुणालाही हे प्रश्न पाठ असतात. पैसे आणि वेळ दोन्ही खर्च होत असताना माणूस विचारणारच. अडचण अशी की ज्या व्यायामानं जूनमध्ये खांदा भडकतो, त्याच व्यायामानं डिसेंबरमध्ये त्याच माणसाचा हात सुटतो. त्यामुळे उपचारांची तुलना करायच्या आधी खांदा कुठल्या अवस्थेत आहे ते बघावं लागतं. जाऊबाई बहुधा मालिश केली तेव्हा आधीच बऱ्या होत आल्या होत्या.

आत काय झालेलं असतं

दंडाच्या हाडाचा गोल माथा पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाच्या उथळ खोबणीत फिरतो, तो खांद्याचा सांधा. त्याच्याभोवती पातळ पण चिवट आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. हात खाली असताना हे आवरण काखेच्या बाजूला सैल, घडी पडल्यासारखं असतं. हात वर नेला की ती घडी उलगडते. फ्रोजन शोल्डरमध्ये आधी या आवरणाला सूज येते, मग ते जाड होतं, आटतं, आणि काखेतली घडी उलगडेनाशी होते. निरोगी सांध्यात 20 मिलीच्या आसपास किंवा त्याहून जास्त द्रव सहज मावतो; पुरत्या आखडलेल्या सांध्यात बऱ्याचदा 10 मिलीसुद्धा मावत नाही. सुती ब्लाउज धुण्यात आटला की हात वर करताना काखेत ताण बसतो आणि सगळा ब्लाउजच वर सरकतो. इथंही तसंच होतं. हात वर न्यायला गेलं की सांधा वळत नाही, अख्खा खांदा कानाकडे उचलला जातो. आरशासमोर उभं राहिलं तर हे लगेच दिसतं.

आवरणाचा पुढचा-वरचा भाग विशेष आटतो, म्हणून हात बाहेरच्या बाजूला वळवण्यावर सगळ्यात जास्त मर्यादा येते. बायकांच्या ते लक्षात येतं वेणी घालताना, पाठीमागचा हुक लावताना, गाडीवर बसण्याआधी तोंडाला स्कार्फ गुंडाळताना. पुरुषांच्या लक्षात येतं मागच्या खिशातलं पाकीट काढताना. मडक्यावर लांब रोट्या करणाऱ्या बाईला तर पहिल्याच दिवशी कळतं, कारण ती रोटी हातावर झेलत मोठी करायची तर दोन्ही खांदे मोकळे लागतात.

हा त्रास बहुतेक करून चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो, बायकांमध्ये थोडा जास्त. सर्वसाधारण लोकांत 2 ते 5 टक्क्यांना होतो असं मानतात, मधुमेहींमध्ये 10 ते 20 टक्क्यांना. थायरॉइडचा आजार असणाऱ्यांनाही धोका जास्त. हाड मोडल्यावर, स्तनाच्या ऑपरेशननंतर किंवा पक्षाघातानंतर हात बरेच दिवस हलवला नाही तरी खांदा असा आखडतो. शुगर कधी तपासलीच नसेल तर खांद्याच्या निमित्तानं तपासून घ्यावी; मधुमेहाचा पत्ता आधी खांद्यातून लागलेले लोक आम्हाला भेटतात. आणि नागपुरात हमखास ऐकू येणारी एक गोष्ट: “रात्रभर कूलरची हवा लागली, म्हणून खांदा धरला.” कूलरच्या हवेनं मान अवघडू शकते, स्नायू दुखू शकतात. पण सांध्याचं आवरण काही कूलरमुळे आटत नाही. कूलर बंद करून घामाघूम झोपायचं काही कारण नाही.

हा फ्रोजन शोल्डरच आहे का?

खांदा दुखणारा प्रत्येक माणूस फ्रोजन शोल्डरचा नसतो. घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. कोपर कमरेला टेकवा, 90 अंशात वाकवा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तुमचा हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. चांगल्या हाताशी तुलना करा. दुसऱ्यानं वळवूनसुद्धा हात अडत असेल तर आवरण आखडल्याची शक्यता मोठी. तुम्हाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर पूर्ण वर जातो, असं असेल तर बहुधा स्नायूचा किंवा शिरेचा प्रश्न आहे. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा पट्टा फाटलेला असू शकतो. त्याचे उपचार वेगळे. मुंग्या येत असतील, दुखणं मानेपासून बोटांपर्यंत उतरत असेल तर मान तपासायला हवी.

एक्स-रे नॉर्मल आला की लोक वैतागतात. “मग दुखतं कशानं?” या आजारात एक्स-रे सहसा नॉर्मलच येतो, कारण कॅप्सूल त्यात दिसत नाही. तो काढायचा तो सांध्याची झीज, कॅल्शियमचा साठा किंवा हाडाचा दुसरा आजार नाही ना, हे बघण्यासाठी.

डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असं काही असेल तर फिजिओथेरपिस्टकडे येऊ नका, थेट इमर्जन्सीत जा. ताप येऊन सांधा लाल-गरम झाला असेल किंवा पडल्यावर दुखायला लागलं असेल, तर आधी डॉक्टर.

तीन टप्पे, पण कॅलेंडरवर विसंबू नका

पुस्तकांत तीन टप्पे दिलेले असतात. पहिला दुखण्याचा: साधारण 2 ते 9 महिने. रात्री झोप लागत नाही, त्या कुशीवर वळता येत नाही, धक्का लागला तर जीव कळवळतो. दुसरा आखडण्याचा: 4 ते 12 महिने. दुखणं कमी, पण हात अडकलेला. तिसरा सुटण्याचा: काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. एकूण प्रवास एक ते तीन वर्षांचा.

‘आपोआप बरा होतो’ हे वाक्य याच हिशेबातून आलंय, आणि ते अर्धंच खरं आहे. 1992 साली अमेरिकेत 62 रुग्णांचा सरासरी सात वर्षांनी आढावा घेतला, तेव्हा निम्म्या लोकांना थोडं दुखणं किंवा थोडी जखडण, निदान एक तरी उरलेली होती. बहुतेकांचं रोजचं काम चालतं, पण खांदा पहिल्यासारखा होतोच असं नाही.

टप्पे एकमेकांत मिसळतात, म्हणून अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनी महिन्यांऐवजी सांधा किती चिडलेला आहे यावर भर दिला. मला ही पद्धत फार उपयोगी वाटते. दुखणं दहापैकी सात किंवा जास्त, रात्री सतत ठणका, हात अडायच्या आधीच कळ: सांधा फार चिडलेला. चार ते सहा, अधूनमधून दुखतं: मध्यम. तीन किंवा कमी, रात्री शांत झोप, फक्त शेवटी ताणल्यावर दुखतं: शांत सांधा. पुढचं सगळं या तीन पायऱ्यांवरून ठरतं. ताण किती सेकंद धरायचा, हेसुद्धा. चिडलेल्या सांध्याला 1 ते 5 सेकंद, तेही दुखायच्या अलीकडेच थांबून. मध्यमला 5 ते 15. शांत सांध्याला मात्र शेवटच्या टोकापर्यंत नेऊन जास्त वेळ.

मशीन

शेक, करंट, लेझर, अल्ट्रासाउंड. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं, आणि मशीन लावलं नाही तर पैसे वाया गेले असं वाटतं. खरं सांगायचं तर तुलनेत हाच भाग सगळ्यात हलका आहे. टेन्स किंवा आयएफटी या मशीनांनी कातडीवरून दिलेल्या हलक्या करंटनं दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. लेझरचा थोड्या काळासाठी फायदा दिसल्याचे काही अभ्यास आहेत. अल्ट्रासाउंडनं आखडलेलं आवरण सैल होतं याला भरवशाचा आधार नाही, आणि तरी ते मशीन शहरातल्या जवळपास प्रत्येक क्लिनिकमध्ये दिवसभर चालू असतं.

खोलवर उष्णता देणाऱ्या शॉर्टवेव्ह डायथर्मीची गोष्ट थोडी वेगळी. हाँगकाँगमधल्या 2008 च्या एका छोट्या अभ्यासात, 30 रुग्णांत, डायथर्मी देऊन मग ताणाचे व्यायाम करणाऱ्यांची प्रगती वरवरचा शेक घेऊन किंवा नुसताच ताण देणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. यात ‘मग ताणाचे व्यायाम’ हे शब्द महत्त्वाचे. नुसतं मशीन लावून घरी जाणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. पेसमेकर असेल किंवा त्या भागात धातूची प्लेट-स्क्रू असेल तर डायथर्मी अजिबात नाही. हे विचारलं गेलं नाही तर आपण होऊन सांगायचं.

घरच्या शेकाबद्दलही हेच. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की गरम पाण्याची पिशवी सुखाची वाटते. मे महिन्यात 45 अंशात कुणाला ती नको वाटली तर सक्ती नाही. अंघोळ झाल्या झाल्या व्यायाम केला तरी चालतं. मधुमेहामुळे हातापायांची जाणीव कमी झाली असेल तर शेकानं कातडी भाजते आणि कळतही नाही, म्हणून पिशवी आधी दुसऱ्या कुणाला तपासायला लावावी.

कपिंग (कप लावून कातडी ओढणं), रंगीत टेप, ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुया टोचणं) यांनी आजूबाजूचे ताठरलेले स्नायू थोडे सैलावतात. आटलेलं आवरण त्यांनी लांबत नाही.

हातानं केलेले उपचार

इथं खरी गंमत आहे. मोबिलायझेशन म्हणजे फिजिओथेरपिस्ट दंडाचा माथा खोबणीत हलकेच सरकवतो: मागे, पुढे, खाली. मेटलंड या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टनं याच्या चार प्रती, म्हणजे ग्रेड, ठरवल्या. पहिल्या दोन प्रतींत हालचाल हलकी, अडथळ्याच्या अलीकडेच. त्या दुखणं शांत करायला. तिसरी-चौथी थेट अडथळ्यात जाते, ती आवरण ताणायला. दुखणाऱ्या सांध्याला पहिल्या दोन, शांत सांध्याला पुढच्या दोन, हा साधा नियम. नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर जोरकस आणि हलक्या मोबिलायझेशनची तुलना झाली. जोरकस पद्धतीनं थोडा जास्त फायदा झाला, पण फरक छोटा होता आणि हलकी पद्धत घेणारेही चांगलेच सुधारले.

कुठल्या दिशेनं सरकवायचं, याचं उत्तर तर आम्हा लोकांनाही धक्का देणारं निघालं. कॉलेजात शिकवलं जायचं की हात बाहेर वळत नसेल तर दंडाचा माथा पुढे सरकवा, कारण हात बाहेर वळताना माथा पुढे सरकतो. 2007 मध्ये 20 रुग्णांवर हे तपासलं गेलं. अर्ध्यांना पुढे, अर्ध्यांना मागे. पुढे सरकवलेल्यांचा हात सरासरी 3 अंश जास्त वळू लागला, मागे सरकवलेल्यांचा 31 अंश. अभ्यास छोटा आहे, त्यामुळे तो अंतिम शब्द नाही, पण फरक एवढा मोठा की अनेकांनी तेव्हापासून पद्धत बदलली. तुमच्या फिजिओथेरपिस्टनं तुम्हाला पाठीवर झोपवून दंड गादीकडे दाबायला सुरुवात केली, तर ते उलटं काही करत नाहीत.

न्यूझीलंडच्या मलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट सांधा सरकवून धरतो आणि त्याच वेळी तुम्ही स्वतः हात उचलता. अट एकच, ती हालचाल दुखायला नको. दुखली तर दिशा किंवा जोर चुकतोय. हाताला फार जपणाऱ्या, धास्तावलेल्या माणसांना ही पद्धत मानवते, कारण लगाम त्यांच्याच हातात राहतो.

आता झटका देऊन ‘खांदा बसवणाऱ्यां’विषयी. खांदा निखळलेला नाही, मग तो बसवायचा कुठे? आटलेलं आवरण झटक्यानं ओढलं तर ते फाटतं, सूज वाढते. आणि हाडं ठिसूळ झालेल्या बाईचं दंडाचं हाडसुद्धा मोडू शकतं. असा जोराचा झटका भूल देऊन, हाडांच्या डॉक्टरांनी, ऑपरेशन थिएटरमध्येच द्यायची गोष्ट आहे.

घरचा व्यायाम, आणि जोराचा हट्ट

“दुखलं नाही तर फायदा कसा होईल?” हा समज इतका घट्ट आहे की पहिल्या टप्प्यात लोक स्वतःचंच नुकसान करून घेतात. नेदरलँड्समधला 2004 चा एक अभ्यास इथं डोळे उघडणारा आहे. 77 रुग्ण. एका गटाला दुखणं सहन करून जोराचा ताण दिला. दुसऱ्याला आजार समजावून सांगितला, दुखणार नाही इतपतच हात हलवायला सांगितलं आणि लक्ष ठेवलं. दोन वर्षांनी हलक्या गटातल्या 89 टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता. जोराच्या गटात 63 टक्क्यांचा. याचा अर्थ काहीच करू नका असा नाही. हलका गट रोज हात हलवत होता, नुसता बसून नव्हता.

दुखऱ्या टप्प्यात: टेबलावर चांगला हात टेकून वाका, दुखरा हात दोरीसारखा सोडा आणि शरीर झुलवून त्याला झुलू द्या. हाताचा जोर लावायचा नाही, हे बहुतेकांना दोन-तीनदा समजवावं लागतं. पाठीवर झोपून चांगल्या हातानं दुखरा हात उचला. रात्री कोपराखाली उशी घ्या, किंवा चांगल्या कुशीवर झोपून उशी कवटाळा. दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, हे एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा बरं.

सांधा शांत झाल्यावर खरा ताण. दाराच्या चौकटीला तळहात लावून, कोपर कमरेला ठेवून, पाय आणि अंग हळूच त्या हातापासून दूर वळवा: बाहेर वळण्यासाठी यासारखा दुसरा व्यायाम नाही. झाडूचा दांडा दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखरा हात बाहेर ढकला. पाठीमागे हात जाण्यासाठी दुपट्टा किंवा टॉवेल दोन्ही टोकांना धरून वरच्या हातानं ओढा. पण हा शेवटी शेवटी करायचा, सुरुवातीलाच याच्या मागे लागणारे रात्रभर कण्हतात. भिंतीवर बोटांनी चढताना खांदा कानाकडे जात असेल तर तुम्ही सांधा नाही, पाठीवरचं फऱ्याचं हाड हलवताय. आरसा लावा.

मात्रा बरोबर आहे की नाही हे रात्र सांगते. व्यायामानंतर तास-दोन तास अवघडलं आणि मग निवळलं, तर ठीक. त्या रात्री झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी निम्म्यावर या. वजन उचलून ताकद वाढवायचा भाग सगळ्यात शेवटी, हात बराच सुटल्यावर.

इंजेक्शन आणि त्यापुढे

फिजिओथेरपिस्टनं इंजेक्शनची बाजू घेणं काही लोकांना चमत्कारिक वाटतं, पण पुरावा तसा आहे. कॅनडातल्या 2003 च्या अभ्यासात 93 रुग्ण होते. सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन आणि सोबत फिजिओथेरपी, या जोडीनं सगळ्यात लवकर आराम पडला. वर्षभरानंतर मात्र सगळे गट सारख्याच जागी पोचले. म्हणजे इंजेक्शननं शेवट बदलत नाही, पण मधले वाईट महिने कमी होतात. आणि रात्री झोप न लागणाऱ्याला मधलेच महिने महत्त्वाचे असतात. दुखणं दबल्यामुळे व्यायामही करता येतो. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून घाबरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की एखादं इंजेक्शन म्हणजे रोजच्या गोळ्या नव्हेत. मधुमेहींची शुगर मात्र त्यानंतर काही दिवस वाढते. डॉक्टरांना आधी सांगा, घरी ग्लुकोमीटर ठेवा. शुगर आधीच फार वर असेल तर ती खाली येईपर्यंत थांबलेलं बरं.

महिनोन्‌महिने करूनही हात अडूनच राहिला, तर सांध्यात सलाइन भरून आवरण फुगवणं, भूल देऊन हात मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून आवरण कापणं हे पर्याय येतात. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत भूल देऊन हात सोडवणं, दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि इंजेक्शनसह आखीव फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षअखेरीस तिघांत कुणीही ठळकपणे सरस ठरलं नाही. गंभीर गुंतागुंती दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जास्त झाल्या; फिजिओथेरपी सगळ्यात लवकर सुरू करता आली, पण त्या गटातल्या काही जणांना नंतर आणखी उपचार लागले. ऑपरेशन केलं तरी फिजिओथेरपी सुटत नाही, हेही लक्षात ठेवावं. मोकळं केलेलं आवरण पहिल्या आठवड्यांत हलवलं नाही तर परत चिकटतं.

खर्चाचं म्हणाल तर रोज येऊन मशीनखाली बसण्याची गरज फार थोड्यांना असते. पहिल्या टप्प्यात आठवड्यातून एकदा तपासून घ्यायचं, व्यायाम नीट शिकायचे, बाकी घरी. आखडलेल्या टप्प्यात हातानं उपचार करून घ्यायला आठवड्यातून दोनदा. मेडिकलमध्येही, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, फिजिओथेरपी विभाग आहे. रांग असते, पण व्यायाम तेच. आणि कुणी पहिल्याच भेटीत, हात कोणत्या दिशेला किती अंश वळतो हे न मोजता तीस सिटिंगचं पॅकेज पुढे केलं, तर आधी मोजायला सांगा. तो आकडा लिहून घ्या, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा हलत नसेल तर उपचार बदलायला हवा, मग तो लेझर असो की मोबिलायझेशन.

एकदा सुटलेला खांदा परत आखडणं विरळा. काही जणांचा दुसरा खांदा मात्र पुढच्या काही वर्षांत धरतो, मधुमेहींचा जास्त. तो धरायला लागला की ‘मागच्या वेळी झालं होतं ना बरं, आताही होईल’ म्हणून सहा महिने काढू नका. सूज ताजी असतानाच इंजेक्शन आणि हलक्या व्यायामाला सगळ्यात जास्त वाव असतो.